लीड न देणारी माणसे

निवडणुकीच्या कामाला आमच्या कॉलेजात कुणी हौसेने तयार होत नसे. विद्यार्थी निवडणुकीची समिती असो की तहसीलमधून आलेला सरकारी ड्यूटीचा आदेश, दोन्ही बहुतेक वेळा राज्यशास्त्राच्या माणसाकडे यायचे आणि तो माणूस मी होतो. करमाडला राहून, रोज औरंगाबाद शहरात जाऊन-येऊन मी नोकरी केली. निकालाच्या संध्याकाळी गावातले लोकही मलाच गाठत, 'सर, कसं काय लागलं?' जिंकलेल्याचा आकडा तोवर सगळ्यांना पाठ झालेला असे. मला सवय लागली ती खालचे आकडे बघायची. एखाद्या केंद्रावर कुणाला सात मते, एखाद्या वर्गात कुणाला चार. ती चार माणसे कोण असतील, त्यांना तसे का वाटले असेल, आणि उद्या सकाळी त्याच लोकांत उठायचे-बसायचे आहे तर त्यांचे कसे होईल, हे प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेले नाहीत.

त्याची सुरुवात 1978 साली झाली.

त्या वर्षी 27 जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. मुंबईत एकमत झाले आणि मराठवाडा मात्र पेटला. मी तेव्हा औरंगाबादला बी.ए. करत होतो, वसतिगृहात राहत होतो. एसटी बंद पडली. करमाडला जायची आमची मीटरगेजची गाडी कधी सुटेल याचा भरवसा राहिला नाही. गावाकडून जे ऐकू येई ते फार वाईट होते. शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. मतामुळे लोकांना नावडती झालेली माणसे हा माझा विषय, पण ज्या माणसाच्या घराला आग लागली, त्याला 'नावडता' म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होईल. त्याच्या जिवावरच बेतले होते. मी इथे लिहितो आहे ते त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या, पण घर शाबूत असलेल्या माणसांविषयी. त्यांनी मोजलेली किंमत वेगळी होती आणि कितीतरी कमी होती, हे आधी सांगितले पाहिजे.

आमच्या वसतिगृहात अंबडकडचा एक सीनियर होता. मराठा शेतकऱ्याचा मुलगा, आदल्या वर्षी मोठ्या फरकाने जी.एस. (जनरल सेक्रेटरी) म्हणून निवडून आलेला. कुणाची फी थकली, कुणाला दवाखान्यात न्यायचे, सगळे त्याच्या खोलीवर. त्याने नामांतराला पाठिंबा देणाऱ्या एका पत्रकावर सही केली. पत्रक शहरात फिरले आणि वसतिगृहात आले. रात्री बैठक बसली. सही मागे घे, असा सगळ्यांचा आग्रह. तो एवढेच म्हणाला, "मी वाचून सही केलेली आहे."

दुसऱ्या दिवसापासून मेसमध्ये त्याच्या पंगतीला कुणी बसेना. तो येऊन बसला की शेजारची ताटे उठत. वाढपी डाळ वाढताना इकडेतिकडे बघे. त्याच्या गावी बातमी पोचली तेव्हा बहिणीची ठरत आलेली सोयरीक मोडली. वडील भेटायला आले, खोलीत बराच वेळ गप्प बसले आणि जाताना विचारले, "तुझं शिक्षण तर बंद पडणार नाही ना?" मी तिथे होतो. मीही नामांतराच्या बाजूचा होतो आणि घरी तसे सांगितलेही होते. माझे चुलते त्या पावसाळ्यात माझ्याशी बोलले नाहीत. पण माझी सही कुठे छापलेली नव्हती, त्यामुळे माझे ताट कुणी टाळले नाही.

याहून जास्त लक्षात राहिले ते रात्रीचे. दहा वाजून गेले, दिवे मालवले की त्याच्या दारावर हळूच टकटक व्हायची. ज्यांनी दुपारी ताट उचलले होते तेच आत यायचे. "तुझं खरं आहे, पण आमचं शिवार तसं नाही," असे म्हणून जायचे. एक जण दोन भाकरी आणि ठेचा ठेवून गेला. मी त्या मुलांना भित्रे म्हणत नाही. त्यांच्या घरच्यांना बांधाला बांध लागून असलेल्या लोकांत राहायचे होते. पेरणीला बैल त्यांच्याकडूनच आणायचे होते, लेकीबाळी तिथेच द्यायच्या होत्या. पण तेव्हापासून माझ्या मनात एक विचार पक्का होत गेला. मेसची पंगत उघडी असते, कोण कुणाशेजारी बसले ते सगळ्यांना दिसते. तीच मुले घडी घातलेल्या चिठ्ठीवर लिहिणार असती, तर वसतिगृहाचा निकाल वेगळा लागला असता. बहुमत कशाच्या बाजूने आहे हे पुष्कळदा मोजण्याच्या पद्धतीवर ठरते.

नावडतेपणा एकाच बाजूला होता असे मात्र नाही. गोविंदभाई श्रॉफ हे निजामाविरुद्धच्या लढ्यातले आमच्या भागातले सर्वांत मोठे नाव. त्यांनी नामांतराला विरोध केला. 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव हेही त्याच लढ्यातून आलेले, आणि त्यांचाही विरोधच होता. मराठवाडा हे नाव लढून मिळवलेले आहे, ते पुसू नका, अशी विरोधकांची भूमिका. गुलमंडी-औरंगपुऱ्यात ती सगळ्यांना पटत होती. तिथून दोन-तीन किलोमीटरवर नागसेनवनात, बाबासाहेबांनीच 1950 साली सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, तीच भूमिका उच्चारणे अशक्य होते. पूजेचे साहित्य विकणाऱ्या बायांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांची मते एकाच शहरात रस्त्यागणिक पालटत होती. उलट एस. एम. जोशींसारखा, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी लोकांनी डोक्यावर घेतलेला नेता नामांतराच्या बाजूने बोलायला मराठवाड्यात आला, तेव्हा त्याला अपमान सोसावा लागला. बाबा आढावांचेही तेच.

मला शिकवणारे एक सर नामांतराचे कट्टर विरोधक होते. वर्गात ते लपवत नसत. ऑगस्टमधल्या त्या रात्रींत त्यांनी दोन दलित विद्यार्थ्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. गल्लीतल्या पोरांनी दारावर येऊन विचारले तेव्हा त्यांनी पोरांना ओट्यावरून खाली उतरवले. त्यांच्याच विचारांच्या लोकांनी नंतर महिनाभर त्यांच्याकडे चहाला जाणे टाळले. ते दोन्ही विद्यार्थी पुढेही सरांच्या मताशी सहमत झाले नाहीत, सरही त्यांच्याशी झाले नाहीत. माणूस एका प्रश्नावर कुठे उभा आहे यावरून तो माणूस कसा आहे ते ठरवायचे नाही, हे मी त्या घरात पाहिले. पुढे शिकवताना त्याचा मला फार उपयोग झाला.

कॉलेजच्या वाचनकक्षात तेव्हा वर्तमानपत्रे लाकडी पट्टीत अडकवून ठेवत. एका गटाने येऊन 'मराठवाडा'चे अंक फाडले. दुसऱ्या गटाने 'अस्मितादर्श'चे अंक उचलून फेकले. हे गंगाधर पानतावणे चालवत असलेले त्रैमासिक. प्राचार्यांनी तोडगा काढला की वातावरण निवळेपर्यंत दोन्ही ठेवू नका. ग्रंथपालांनी तो मानला नाही. रोज सकाळी ते स्वतः दोन्ही लावत. फाटले तर दुपारी दुसरा अंक लावत. त्यांना कोणत्याच गटात मित्र उरला नाही. त्यांचे स्वतःचे मत काय होते ते मला आजही माहीत नाही. त्यांनी भाषण केले नाही, पत्रक काढले नाही. पण त्या वाचनकक्षात जाऊन, आपल्या खोलीवर जे वाचायची सोय नव्हती ते मी वाचले, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांनी वाचले.

बाबासाहेबांच्या नावावरून हे सगळे चालले होते आणि ते स्वतः निवडणुकीत दोनदा पडलेले होते, हे आम्हांला तोवर कुणी सांगितले नव्हते. 1952च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला. 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला मतदारांनी नाकारले, तेही आजच्या महाराष्ट्रात. राज्यशास्त्र शिकवताना मी दरवर्षी पहिल्या महिन्यात हे सांगत असे. मुले चपापत. मग मी विचारत असे, त्या दिवशी त्यांना मत देणारे जे होते त्यांनी आपले मत वाया घालवले का? यावर वर्गात फार चांगली चर्चा व्हायची. घंटा झाली तरी मुले उठत नसत.

नोकरीत आलो तेव्हा कॉलेजच्या निवडणुका थेट होत्या. जी.एस., यू.आर. (विद्यापीठ प्रतिनिधी), सी.आर. (वर्ग प्रतिनिधी), एल.आर. (मुलींची प्रतिनिधी) अशी पदे. पॅनल पडायचे. प्रत्येक पॅनलमागे शहरातला कुणीतरी पुढारी. जीप यायच्या, ढाब्यावर पार्ट्या चालायच्या, मतदानाच्या आदल्या रात्री काही मुलांना कुठेतरी नेऊन ठेवले जायचे. मुलींनी उभे राहायचे ते एल.आर.साठी, असे सगळ्यांनी गृहीत धरलेले.

एका वर्षी बी.ए. द्वितीयची एक मुलगी जी.एस.ला उभी राहिली. तिच्या मागे पॅनल नव्हते. मागणी एकच, ग्रंथालयात संध्याकाळी सहापर्यंत मुलींना बसता आले पाहिजे. खेड्यावरून येणाऱ्या मुलींना पुस्तक घरी न्यायला मिळायचे नाही, आणि दुपारच्या गाडीने गेल्या की अभ्यास बुडायचा. मागणी अगदी रास्त होती. पण तिच्यावर जे बोलले गेले ते मी इथे लिहीत नाही. तिला अकरा मते पडली.

आमच्याकडे प्रत्येक वर्गाची पेटी वेगळी मोजायची आणि वर्गवार आकडे फळ्यावर लिहायची रीत होती. अकरातली नऊ मते तिच्याच वर्गाची निघाली. संध्याकाळपर्यंत मुलांनी त्या नऊंची यादी तयार केली. अंदाजाने का होईना, पण केली. जिंकलेल्या पॅनलची मुले एकेकाला अडवून विचारू लागली. दोन मुलींच्या भावांपर्यंत निरोप गेला आणि त्या मुली कितीतरी दिवस कॉलेजला आल्या नाहीत. त्या दोघींनी तिलाच मत दिले होते की नाही, हेही कुणाला नक्की ठाऊक नव्हते. उभी राहिलेली मुलगी मात्र रोज येत होती. तिने माझ्याकडे तक्रार केली ती स्वतःसाठी नाही. ती म्हणाली, "सर, मला उभं राहायचं होतं, मी राहिले. पण त्यांनी तर फक्त चिठ्ठी टाकली होती."

हे वाक्य मी विसरलो नाही. उमेदवाराने उजेडात यायचे कबूल केलेले असते. मतदाराने ते कबूल केलेले नसते.

पुढच्या वर्षी मी समितीत प्रस्ताव मांडला, सगळ्या पेट्या एका मोठ्या सतरंजीवर ओता, चिठ्ठ्या मिसळा आणि मग मोजा. वर्गवार आकडा कुठेच लिहू नका. कुणाला वाटेल यात वाद घालण्यासारखे काय आहे. पण दोन्ही पॅनल, जी एरवी एकमेकांचे तोंड पाहत नसत, एक होऊन विरोधाला आली. कोणत्या वर्गाने आपल्याला लीड दिली ते कळलेच पाहिजे, नाहीतर खर्च कुठे केला आणि काम कुणाचे करायचे ते समजणार कसे, हा त्यांचा मुद्दा. प्राचार्य म्हणाले, तुमच्या सहीने नोटीस लावणार असाल तर करा. मी लावली. माझ्याविरुद्ध भिंतीवर मजकूर लिहिला गेला, एका पुढाऱ्याने घरी माणूस पाठवला. करमाडच्या स्टँडवर ओळखीच्या एकाने समजावले, "सर, कशाला पडता त्यात, तुम्ही शिकवा ना." सतरंजी मात्र अंथरली गेली. त्या वर्षी तीच ग्रंथालयाची मागणी घेऊन दुसरी मुलगी उभी राहिली. ती निवडून आली नाही, पण मते शंभराच्या पुढे गेली. ही सगळी वाढ सतरंजीमुळे झाली असे मी म्हणणार नाही. मागणी वर्षभर चर्चेत होती, पहिलीने रस्ता पाडला होता. पण मोजणी झाली त्या संध्याकाळी कुणाची यादी निघाली नाही. दोन वर्षांनी ग्रंथालय सहापर्यंत उघडे राहू लागले.

नामांतराचा प्रश्न इतकी वर्षे तसाच लोंबकळत होता. 1979 साली नागपूरहून जोगेंद्र कवाडे यांनी काढलेला लाँग मार्च, सत्याग्रह, तुरुंग, आणि 1993च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी केलेले आत्मदहन. शेवटी 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. आंबेडकरांचे नाव आले आणि मराठवाडाही राहिले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने दुसरे विद्यापीठ निघाले. तेव्हाही मुख्यमंत्री शरद पवारच होते. पुढच्या वर्षी त्यांच्या पक्षाची राज्यातली सत्ता गेली. त्याला कारणे अनेक होती, पण या निर्णयाची किंमत मराठवाड्यात मोजावी लागेल हे निर्णय घेताना सगळ्यांना दिसत होते.

आता दर 14 जानेवारीला विद्यापीठाच्या कमानीपाशी माणसांचा सागर जमतो. आमचा तो अंबडकडचा सीनियर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला होता. नामविस्तारानंतर भेटला. म्हणाला, बरेच जण आता सांगतात की आम्ही तर पहिल्यापासून बाजूने होतो. मला वाटले त्याला याचा राग येत असेल. तो म्हणाला, "त्यांतले काही खरंच होते की. रात्री यायचे ना." बहिणीचे लग्न पुढे चांगल्या घरी झाले. पण गावाने त्याला पुन्हा कधी कुठल्या समितीवर घेतले नाही. मागणी मान्य झाली, माणूस नावडता तो नावडताच राहिला. हे मी नंतर इतरांच्या बाबतीतही पाहिले.

1994 सालीच राज्यात नवा विद्यापीठ कायदा आला आणि थेट विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या. वर्गात पहिला येणारा तो वर्ग प्रतिनिधी. हाणामाऱ्या आणि पैसा थांबवायला हे केले, असे सांगितले गेले, आणि हाणामाऱ्या होत होत्या हे मीही पाहिले होते. तरीही हा उपाय मला कधी पटला नाही. गुणवत्ता यादीतली मुले माझ्याकडे येऊन म्हणत, सर, माझे नाव काढा, मला अभ्यास आहे. आणि ज्याला वसतिगृहाच्या पाण्याबद्दल, शिष्यवृत्तीच्या रखडलेल्या अर्जांबद्दल बोलायचे होते त्याला काठावर पास झाल्यामुळे जागाच उरली नाही. 2006 साली लिंगडोह समितीने निवडणुका घ्याव्यात असेच सांगितले. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टर नको, हजेरी हवी, असे नियमही दिले. 2016च्या राज्य कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली. 2019 साली त्या होणार असे वाटत असताना विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या आणि मग कोरोना आला. एका पूर्ण पिढीने कॉलेजात मतपत्रिका हातात घेतली नाही. हरायचे कसे, हरलेल्याशी वागायचे कसे, हे ती थेट ग्रामपंचायतीत शिकते, आणि तिथे ते फार महागात पडते.

सरकारी ड्यूटीत मी मतपेटीचा काळही पाहिला आणि यंत्राचाही. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळण्याची सोय नियमात होती. 2004च्या लोकसभेला देशभर यंत्रे आली. मोजणी झटपट झाली, पेट्या पळवणे आणि शिक्के मारणे संपले. हा फायदा मोठा आहे आणि मी तो मनापासून मानतो. पण प्रत्येक यंत्र आपल्या केंद्राचा आकडा वेगळा सांगते. निकालाच्या नमुना 20मध्ये तो केंद्रवार छापला जातो आणि कुणीही पाहू शकतो. खेड्यात एका केंद्रावर पाचशे-सातशे मतदार. तांड्यावर किंवा वस्तीवर केंद्र असेल तर त्याहूनही कमी.

एका विधानसभेला मी एका लहान गावात केंद्राध्यक्ष होतो. आदल्या संध्याकाळी साहित्य घेऊन शाळेत उतरलो, खोली लावून घेतली. जेवण आणून देणारा गृहस्थ थांबून राहिला. आसपास कुणी नाही असे पाहून म्हणाला, "सर, आमच्या बूथचा आकडा येगळा दिसतो का हो?" मी खरे ते सांगितले, दिसतो. तुमचे एकट्याचे मत कुणाला कळत नाही, पण केंद्राचा आकडा कळतो. तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "आमच्या वस्तीत घरं तीस. मागं लीड दिली नाय म्हणून टँकर दोन महिने इकडं फिरकला नव्हता." दुसऱ्या दिवशी तो रांगेत आला, बोटाला शाई लावून घेतली, पडद्यामागे गेला. त्याने काय केले हे मला कळायचे कारण नव्हते आणि कळले नाही. पण कायद्याने त्याला दिलेले गुप्त मत तीस घरांच्या वस्तीत किती गुप्त उरते, हा प्रश्न त्याने मला विचारला होता, आणि माझ्या हातातल्या पुस्तिकेत त्याचे उत्तर नव्हते.

उत्तर दुसरीकडे आहे, हे मला नंतर वाचनातून कळले. निवडणूक आयोगाने 2008 साली 'टोटलायझर' नावाच्या उपकरणाचा प्रस्ताव दिला होता. चौदा केंद्रांची यंत्रे एकत्र जोडून एकच बेरीज दाखवायची, म्हणजे कोणत्या वस्तीने काय केले ते दिसत नाही. विधी आयोगाने 2015च्या आपल्या 255व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकारने तो मानला नाही. केंद्रवार आकडे असले तर पक्षांना कुठे काम करायचे ते कळते, अशी त्यामागची बाजू मांडली गेली. ती वाचली तेव्हा मला आमच्या कॉलेजची दोन्ही पॅनल आठवली. त्यांचे शब्द जवळजवळ हेच होते.

ग्रामपंचायतीत तर आडोसाच नाही. वॉर्डात दोन-तीनशे मतदार, सगळे एकमेकांच्या नात्यातले. म्हणून मग 'बिनविरोध'ची भाषा सुरू होते. गावात तंटा नको, खर्च नको, सगळ्यांनी बसून ठरवू. यात चांगुलपणाही असतो, मी नाही म्हणत नाही. पण जमलेल्या बैठकीत कोण बोलतो आणि कोण मान खाली घालून बसतो हे ज्याने पाहिले आहे त्याला कळते, की बिनविरोधमध्ये विरोध संपलेला नसतो, त्याला मोजणेच टाळलेले असते. 2021च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन गावांची निवडणूकच रद्द केली. तिथे पदांचा लिलाव झाल्याचे समोर आले होते. निर्णय योग्य होता. पण अशा बैठकीत 'हे बरोबर नाही' म्हणणारा एखादा तरी असणार, आणि त्याची आठवण कुठल्या आदेशात नसते.

आमच्या करमाड-शेंद्र्याकडे औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या, तेव्हा याचाच आणखी एक प्रकार पाहिला. आधी सगळ्यांचे ठरले होते की जमीन द्यायची नाही. ज्यांनी पहिल्यांदा संमती दिली त्यांना फुटीर म्हटले गेले, त्यांच्या घरच्या कार्याला लोक गेले नाहीत. मग दर ठरला, एकेक करून बहुतेकांनी दिली, आणि अखेरपर्यंत अडून बसलेले थोडे उरले. आता ते नावडते झाले, कारण त्यांच्यामुळे बाकीच्यांचे पैसे अडतात, असे बोलले जाऊ लागले. पाच-सात वर्षांत नावडतेपण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले. पहिल्यांना लेकीचे लग्न होते, कर्ज होते. शेवटच्याला मोसंबीची बाग होती, ती त्याने स्वतः लावलेली होती. दोघांची कारणे मला माहीत होती आणि दोन्ही कारणे प्रामाणिक होती. गावाला ती विचारायला वेळ नव्हता.

निवृत्तीनंतर आता शेजारपाजारची मुले येतात. संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, कॉलेजांत शिकणारी, काही शेंद्र्यात कामाला जाऊन शिकणारी. ती विचारतात, सर, विद्यार्थी निवडणुका पुन्हा होतील का, आणि झाल्या तर आपण उभे राहावे का? उभे राहा, असे मी सांगतो. पडणार हे माहीत असेल तरी राहा. पण नुसते धाडस करा म्हणून मला कुणाला पुढे ढकलायचे नाही. 1978 साली त्या सीनियरने धाडस केले, त्याची किंमत त्याच्या बहिणीने मोजली. अकरा मते मिळवणाऱ्या मुलीने धाडस केले, कॉलेज दोन वेगळ्याच मुलींचे सुटले. म्हणून मी त्यांना नियम कसे असावेत ते लिहून देतो. वर्गवार मोजणी नको, सगळ्या चिठ्ठ्या एकत्र. मतदानाआधी प्रत्येक उमेदवाराला, ज्याच्यामागे कुणी नाही त्यालाही, सगळ्यांसमोर तेवढाच वेळ बोलायला मिळाला पाहिजे. निकालानंतर हरलेल्यांच्या मागण्या नोटीस बोर्डवर वर्षभर राहिल्या पाहिजेत. वाचनकक्षात सगळ्या बाजूंचे छापील कागद ठेवणे ही कुणाची तरी नेमून दिलेली जबाबदारी हवी, एखाद्या ग्रंथपालाच्या हिमतीवर ती सोडता येणार नाही.

यातले काही खर्चाचे नाही. सतरंजी प्रत्येक कॉलेजात असते. विद्यापीठ जेव्हा निवडणुकीचे परिनियम पुन्हा हाती घेईल, तेव्हा निदान एकत्र मोजणीचा नियम त्यांत यावा म्हणून मी अर्ज तयार करून ठेवला आहे. त्यावर मुलांच्या सह्या घ्यायच्या नाहीत असे मी ठरवले आहे. माझी एकट्याची सही त्याखाली असेल.